सुकाणू नसलेले रॉकेट

हवामानाचे फुगे साधारण ३०-४० किलोमीटरच्या वर जात नाहीत आणि उपग्रह टिकवायचा तर तो २०० किलोमीटरच्या पुष्कळ वर ठेवावा लागतो. मधल्या थरात प्रत्यक्ष शिरून मोजमाप करायचे, तर साउंडिंग रॉकेट, म्हणजे उपकरणे घेऊन वर जाणारे आणि कक्षेत न शिरता खाली येणारे छोटे रॉकेट, हाच मार्ग उरतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या (जिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते त्या रेषेजवळच्या) थुंब्याहून, केरळच्या किनाऱ्यावरून, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेले पहिले असे रॉकेट अमेरिकी बनावटीचे होते. भारतीय बनावटीचे आरएच-७५ (आरएच म्हणजे रोहिणी) हे १९६७ साली उडाले.

त्याच कुळातले आरएच-२०० म्हणजे घन इंधनाचे, दोन टप्प्यांचे, सुमारे साडेतीन मीटर लांबीचे रॉकेट. त्याला सुकाणू नाही. उड्डाणात दिशा सुधारणारी यंत्रणाच नसल्याने खर्च वाचतो; पण आकाशात जी चूक सुधारता येणार नाही, ती जमिनीवरच टाळावी लागते, आणि मला या तंत्राचे खरे मोल तिथेच वाटते.

रॉकेट सरळ जाते ते शेपटाच्या परांमुळे, म्हणजे तिथे बसवलेल्या पात्यांमुळे. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर डगमगलेले नाक पुन्हा मार्गावर येते. इंधन जळताना गुरुत्वमध्य सरकत असल्याने हा हिशेब उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यासाठी करावा लागतो.

सर्वाधिक काळजी मोटरची, म्हणजे घन इंधन भरलेल्या आणि ते जिच्यात जळते त्या नळीची. इंधनात केसाएवढी भेग राहिली तरी ज्योत तिच्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो आणि कवच फुटू शकते. म्हणून आधी क्ष-किरणांनी तपासणी होते आणि नमुन्याची मोटर चाचणी-मंचाला जखडून पेटवली जाते. रॉकेट जागचे हलत नाही, पण दाब आणि रेटा यांचे आलेख क्षणाक्षणाला उमटत जातात. त्यातला एखादा अनपेक्षित उंचवटा दिसला, तरी इंधनाच्या घडणीकडे पुन्हा वळावे लागते.

उरतो तो वारा. मोटर जळत असताना पर असलेले रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवते. म्हणून उड्डाणाआधी फुगे सोडून वारा मोजतात आणि प्रक्षेपकाचा कोन त्या बेताने बदलतात.

सुमारे ७० किलोमीटरवर पोचल्यावर हे रॉकेट तांब्याच्या अतिशय बारीक तंतूंचा पुंजका हवेत सोडते. रडारवर तो पुंजका जिकडे सरकताना दिसतो, तिकडे त्या उंचीवरचा वारा वाहत असतो.