‘एकदाच’ विकलेले सुळे : आफ्रिकी हस्तिदंताच्या वादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२मध्ये पनामात सायटीसची, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणाऱ्या कराराची, परिषद भरली, तेव्हा हस्तिदंताच्या व्यापाराची वाट पुन्हा मोकळी करू पाहणाऱ्या प्रस्तावावर भारत तटस्थ राहिला. १९७६पासून सभासद असलेल्या आपल्या देशाने अशा प्रस्तावाला विरोध न करण्याची ही पहिलीच वेळ होती. दोनच महिन्यांपूर्वी, हस्तिदंत विकू पाहणाऱ्या नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले होते. त्याआधी जुलैत नामिबियाशी झालेल्या करारात जैवविविधतेच्या ‘शाश्वत वापरा’ला पाठबळ देण्याची भाषा होती, हस्तिदंताचा उल्लेख मात्र नव्हता. पनामातला प्रस्ताव पडला. आपल्याकडे बोलणं चित्त्यांवर झालं, सुळ्यांचा विषय मागे राहिला. खरं तर तिथे जे मागितलं जात होतं, त्यामागे तीस वर्षांचं भांडण आहे. ते भांडण मुख्यतः एका शब्दाभोवती फिरतं: ‘एकदाच’.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९७९च्या सुमारास आफ्रिकेत तेरा लाखांच्या आसपास हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांनी तो सहा लाखांवर आला होता. केनियात १९७३मध्ये १,६७,००० हत्ती धरले जात, १९८९पर्यंत त्यातले जेमतेम १६,००० उरले. शिकारीवर तिथे १९७७पासूनच बंदी होती. हत्ती मरत होते ते बंदुकीच्या टोळ्यांमुळे, आणि कायदेशीर बाजार चालू असल्यामुळे चोरीचा सुळा त्यात सहज मिसळून जायचा. जुलै १९८९मध्ये केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात १२ टन सुळ्यांचा ढीग पेटवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायटीसच्या लोझान परिषदेत आफ्रिकी हत्ती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापाराला बंदी आहे अशा प्राण्यांच्या यादीत, गेला आणि १९९०च्या सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

त्याच १९८९च्या उत्तरार्धात नैरोबीतल्या उहुरू पार्कवर साठ मजली इमारत बांधायचा सरकारचा बेत होता. झाडं लावण्याची चळवळ चालवणारी एक प्राध्यापिका त्याविरुद्ध उभी राहिली. संसदेत तिची टिंगल झाली, तिच्या संघटनेला कार्यालय सोडावं लागलं. शेवटी परदेशी पैसा आटला आणि इमारत झाली नाही. २००४मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. सुळे जाळून जगाची वाहवा मिळवणारं आणि बागेसाठी भांडणाऱ्या बाईला हिणवणारं सरकार एकच होतं. आफ्रिकेतल्या संरक्षणाचा इतिहास नुसत्या सरकारी घोषणांवरून वाचू नये, असं मला वाटतं ते यासाठी.

आता मूळ गुंता. बंदीला दक्षिणेकडच्या देशांचा विरोध होता. झिम्बाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया इथे हत्ती कमी होत नव्हते, काही भागांत वाढत होते. आम्ही नीट सांभाळलं, मग पूर्वेकडच्यांच्या चुकीची शिक्षा आम्हाला का, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. १९९७मध्ये हरारेच्या परिषदेत या तीन देशांचे हत्ती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे अटींवर व्यापार होऊ शकतो अशा यादीत, आणले गेले. तीन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेचेही आले. तेव्हापासून एकाच प्राण्याची दोन कायदेशीर रूपं आहेत. बोट्स्वानाचा हत्ती दुसऱ्या परिशिष्टातला, झाम्बियाचा पहिल्या. मधे नदी आहे, आणि हत्ती ती पोहून जातात. पलीकडच्या काठावर चिखलातून वर येतो तेव्हा त्याच हत्तीचं परिशिष्ट बदललेलं असतं.

हरारेच्या निर्णयानुसार १९९९मध्ये पहिली विक्री झाली. सुमारे ५० टन सुळे, गिऱ्हाईक एकटं जपान. तिथे नावाचे शिक्के हस्तिदंतात कोरून घेण्याची पद्धत आहे. ही विक्री ‘प्रायोगिक’ म्हणवली गेली, ‘एकदाच’ म्हणवली गेली. पण प्रयोग म्हटला की त्याचा निकाल काय लागला हे कुणीतरी सांगायला हवं. चोरट्या शिकारीची मोजणी करणारी यंत्रणा तेव्हा नुकती उभी राहत होती. निकाल सांगायला पुरेशी माहिती हाताशी येण्याआधीच, २००२मध्ये, दुसऱ्या विक्रीला तत्त्वतः मान्यता मिळाली.

दुसरी विक्री अटींवर अटी घालत लांबली आणि २००७मध्ये हेगच्या परिषदेत तडजोड झाली. मजकूर असा ठरला: बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे यांच्या सरकारी कोठारांत ३१ जानेवारी २००७पर्यंत नोंदलेले सुळे एकाच वेळी विकायचे. जप्तीचा माल नाही, ज्याचं मूळ ठाऊक नाही तो नाही. पैसा फक्त हत्तींच्या संरक्षणावर आणि हत्तींच्या शेजारी राहणाऱ्या गावांवर खर्चायचा. त्यानंतर विक्रीच्या तारखेपासून नऊ वर्षं पुन्हा प्रस्ताव आणायचा नाही.

या नऊ वर्षांचा अर्थ दोघांनी दोन लावला. केनिया आणि त्याच्या बाजूचे देश धरून चालले की नऊ वर्षं कुणीच काही मागणार नाही. ठरावातले शब्द मात्र ‘आधीच दुसऱ्या परिशिष्टात असलेल्या’ हत्तींपुरते होते. म्हणजे बंधन चौघांवर, बाकीचे मोकळे. तीनच वर्षांनी, २०१०मध्ये दोह्याला, टांझानिया आणि झाम्बिया आपापले सुळे विकायची परवानगी मागायला उभे राहिले. प्रस्ताव फेटाळले गेले, पण ‘एकदाच’ या शब्दावरचा उरलासुरला विश्वास तिथे गेला. बाजारात बसलेल्या माणसाला ठरावातलं पोटकलम कळत नाही. त्याला एवढंच कळतं की १९९९ला विक्री झाली, २००८ला झाली, २०१०ला पुन्हा मागणी आली. माल साठवून ठेवायला हरकत नाही.

२००८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिलाव झाले. सुमारे १०२ टन सुळे, साधारण दीड कोटी डॉलर. या वेळी जपानबरोबर चीनलाही गिऱ्हाईक म्हणून मान्यता मिळाली होती आणि निम्म्याहून जास्त माल चीनने उचलला. किलोमागे भाव दीडशे डॉलरच्या जवळपास पडला. चीनच्या आतल्या बाजारात तोच माल कितीतरी चढ्या भावाने, थोडा थोडा सोडला गेला. कायदेशीर माल स्वस्त मिळाला की चोरांचं दुकान बसेल, हा विक्रीच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. तो इथे कोलमडला.

विक्रीसाठी सुळा कसा तयार होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. हत्ती आपल्या मरणाने मेला असेल तर काही दिवस थांबायचं. मांस सडलं की सुळा सैल होऊन निघतो. चोरट्याला तेवढी सवड नसते, तो कुऱ्हाडीने चेहराच फोडतो. काढलेला सुळा गस्तीवरचे लोक ठाण्यावर आणतात, तो तोलला जातो. मग न पुसणाऱ्या शाईने किंवा ठशाने त्यावर खूण होते: देशाची दोन अक्षरं, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, त्या वर्षातला अनुक्रमांक, किलोत वजन. अख्ख्या हत्तीची नोंद एवढ्या ओळीत मावते. आणि कोरणाऱ्याने सुळ्याचे तुकडे केले की ही ओळ सगळ्यात आधी जाते. उरलेले तुकडे २००८च्या लिलावातले की काल मारलेल्या हत्तीचे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

२००८नंतर शिकार वाढली आणि २०११मध्ये टोकाला गेली, यावर फारसं दुमत नाही. विक्रीमुळे वाढली का, यावर आजही आहे. २०१६मधल्या एका अभ्यासाने विक्रीनंतर चोरट्या हस्तिदंतात सुमारे ६६ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच आकड्यांवर दुसऱ्यांनी हात फिरवून तो अमान्य केला. चीनमधली वाढती श्रीमंती, काही देशांतली यादवी, बंदरांवरची लाचखोरी ही कारणं होतीच. तरीही कायदेशीर दुकानं आणि कागदपत्रं यांनी चोरीच्या मालाला आडोसा दिला, हे मला पटतं.

त्या वर्षांत मैदानावर काय चाललं होतं? २०१२च्या सुरुवातीला घोड्यांवरून आलेल्या टोळ्यांनी कॅमेरूनच्या बुबा न्जिदा उद्यानात काही आठवड्यांत तीनशेहून जास्त हत्ती मारले. त्याच वर्षी सप्टेंबरात चाडच्या झाकुमा उद्यानाजवळ हेबान नावाच्या टेकडीवर गस्तीची एक तुकडी मुक्कामाला होती. थोड्या दिवसांपूर्वी वनरक्षकांनी सुदानी चोरट्यांचा तळ उधळला होता. त्याचा सूड घ्यायला ते परत आले. पहाटेच्या नमाजाची वेळ होती. सहा जण गेले. झाकुमात २००२मध्ये चार हजारांवर हत्ती होते, २०१०मध्ये साडेचारशेच्या आसपास. सतत पळ काढणारा तो कळप एकमेकांना चिकटून राही आणि माद्या जवळजवळ व्यायच्याच थांबल्या होत्या. गस्त सावरल्यावर काही वर्षांनी पुन्हा पिल्लं दिसू लागली. हा कळप वाचला तो त्या गस्तीवाल्यांमुळे, आणि त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत.

टांझानियात २००९ला १,०९,००० धरलेले हत्ती २०१४पर्यंत ४३,०००वर आले. २०१०ला ‘आमचे हत्ती सुखरूप आहेत’ म्हणून विक्री मागणारा देश हाच. २०१६मध्ये जाहीर झालेल्या १८ देशांच्या विमानी गणनेत साडेतीन लाखांच्या घरात, नेमके सांगायचे तर ३,५२,२७१, सवाना (म्हणजे गवताळ प्रदेशातले) हत्ती मोजले गेले. सात वर्षांत ३० टक्के घट.

दुसरी बाजू दक्षिणेची, आणि ती नीट ऐकायला हवी. नामिबियाच्या वायव्येकडचा कुनेने प्रदेश १९८०च्या सुरुवातीला दुष्काळाने होरपळला. गुरं मेली, आणि जनावरांवर शिकारीचा जोर वाढला. तेव्हा काही स्थानिक मुखियांनी आपल्याच गावातले माणूस निवडून राखणीला लावले. सरकारी गणवेश नाही, अटक करायचा अधिकार नाही. मोबदला म्हणजे महिन्याचा शिधा आणि थोडी रोकड. त्यांचं काम चालणं, माग काढणं आणि गावात कोण काय करतंय ते मुखियाच्या कानावर घालणं. चोरटा शिकारी बहुतेक वेळा कुणाचा तरी चुलता किंवा मेहुणा असायचा, आणि त्याला समजावणारा राखणदारही त्याच कुळातला. १९९६च्या कायद्याने अशा गावांना आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवर काही हक्क मिळाले, १९९८मध्ये पहिल्या चार सामूहिक संरक्षित क्षेत्रांची नोंदणी झाली, पुढे त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. राखणदार आजही वही बाळगतात. त्यात हत्तीने कुठली विहीर फोडली, सिंहाने कुणाची शेळी नेली, कुठे सापळा सापडला, हे चित्रांच्या मदतीने भरलं जातं, म्हणजे अक्षरओळख कमी असलेल्यालाही नोंद करता यावी.

या माणसाला पनामातून ‘हत्ती वाचवा, पण त्यातून काही मिळण्याची आशा ठेवू नका’ असं सांगणं अन्यायाचं आहे. पण २००८च्या दीड कोटी डॉलरची चार देशांत आणि त्यांच्या गावांत वाटणी केली तर हाती काय येतं? या गावांचं उत्पन्न मुख्यतः पर्यटन आणि परवान्याच्या शिकारीवर चालत आलं आहे. दहा वर्षांत एकदा होणाऱ्या लिलावावर राखणदाराचा पगार निघत नाही. त्याचा हक्क खरा आहे, त्याच्या नावाने मागितलेला उपाय मात्र अपुरा आहे. चाडमधला गस्तीवाला आणि कुनेनेतला राखणदार एकाच कामातले लोक आहेत. परिषदांनी त्यांना समोरासमोर उभं केलं.

‘चोरटी शिकार’ हा शब्दही निरागस नाही. १९४८मध्ये केनियात त्सावो उद्यान झालं तेव्हा तिथले ‘वाटा’ जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लांब धनुष्यांनी हत्ती मारत आले होते. झाडाची साल-मुळं तासन्‌तास उकळून काळं, डांबरासारखं विष करायचं, ते बाणाच्या पात्यामागे लेपायचं आणि सुकू नये म्हणून वर कातडं गुंडाळायचं. १९५६-५७च्या मोहिमेत त्यांच्यातले कितीतरी पुरुष तुरुंगात गेले. परवाना काढून बंदुकीने हत्ती मारणारा गोरा तेव्हा शिकारी ठरत होता, वाटा माणूस चोर. तुरुंगातून सुटलेल्यांपैकी काहींना पुढे मागकरी म्हणून कामावर घेतलं गेलं, कारण हत्तीचा माग त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता.

आणि यात मुंबईही आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचा हस्तिदंत मुंबई बंदरात उतरायचा. काही गुजरात-राजस्थानातल्या नवऱ्यामुलींच्या चुड्यांसाठी, काही पुढे युरोपात जाण्यासाठी. भारतात आफ्रिकी हस्तिदंताचा धंदा कायद्याने बंद झाला तो १९९१च्या दुरुस्तीने.

हेगच्या तडजोडीतली नऊ वर्षं २०१७च्या अखेरीस संपली. त्याच ३१ डिसेंबरला चीनने आपला देशांतर्गत बाजार बंद केला. त्याआधी एप्रिल २०१६मध्ये नैरोबीत १०५ टन सुळे अकरा ढिगांत रचून जाळले गेले. हस्तिदंत सहजी पेट घेत नाही. नळ्यांमधून दाबाने इंधन सोडावं लागलं, आणि ढीग कित्येक दिवस धुमसत राहिले. मार्च २०२१मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत सवाना हत्ती ‘संकटग्रस्त’ आणि दाट अरण्यात राहणारा आफ्रिकी वनहत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ अशी वेगवेगळी नोंद झाली. दक्षिणेकडच्या कोठारांत मात्र आपल्या मरणाने मेलेल्या हत्तींचे सुळे दरवर्षी येतच आहेत. ते तोलले जातात, त्यांवर वर्ष, क्रमांक आणि वजन उमटतं, आणि फळीवर त्यांची रांग वाढते.