पाण्याच्या हालचालीवरून गाठीची ओळख

मुलांच्या मेंदूतील गाठींपैकी बऱ्याच गाठी डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्या आसपास होतात. तिथे जागा मुळातच अपुरी असल्याने गाठ वाढली की मेंदूतील द्रवाची वाट अडते, कवटीच्या आतला दाब वाढतो आणि मूल सकाळी उठल्या उठल्या उलटी करते, डोके दुखते म्हणते, चालताना झोकांड्या खाते. अशा मुलावर कित्येक आठवडे पोटाच्या विकाराचे उपचार चालू राहतात, हे फार क्लेशदायक आहे.

तातडीच्या वेळी सीटी स्कॅन काही मिनिटांत गाठ आणि साचलेले पाणी दाखवतो. गाठ कोणत्या जातीची असावी याचा अंदाज मात्र एमआरआय अधिक चांगला देतो आणि त्यात क्ष-किरणही नसतात. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) चुंबकात शरीरातील पाण्यामधील हायड्रोजनची केंद्रके सेकंदाला सुमारे 6.4 कोटी वेळा भोवंडतात आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या संदेशांतून प्रतिमा तयार होते.

या तपासणीतील डिफ्यूजन प्रतिमा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळेपणाने फिरतात ते दाखवते. मेड्युलोब्लास्टोमा या घातक गाठीत पेशी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे पाण्याची हालचाल खुंटते आणि हालचालीच्या नकाशावर, म्हणजे एडीसी प्रतिमेत, ती गाठ काळपट दिसते. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही सावकाश वाढणारी गाठ विरळ पेशींची असल्याने तिचा भरीव भाग त्याच नकाशावर उजळ दिसतो, आणि पुष्कळदा द्रवाने भरलेल्या पिशवीच्या भिंतीला चिकटलेला गोळा असे तिचे रूप असते. गॅडोलिनियमचे, म्हणजे एमआरआयमध्ये काही भाग उजळ करणाऱ्या द्रव्याचे, इंजेक्शन दिल्यावर हा गोळा लख्ख उजळतो; मोठ्या माणसांत अशी उजळणारी गाठ अनेकदा घातक निघते, पण मुलांत तोच निष्कर्ष काढला तर फसगत होते.

तरीही प्रतिमा अंतिम निर्णय देत नाही. अगदी लहान वयात होणारी एटीआरटी नावाची गाठही पाणी तसेच अडवते, म्हणून बहुतेक वेळा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि जनुकीय चाचण्या करूनच निदान पक्के होते.

तपासणीच्या वेळी मुलाने जराही हलून चालत नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून झोपवता येते. त्याहून मोठ्या पण अजाण मुलांना बहुधा भूल द्यावी लागते, आणि त्या खोलीतील भुलीचे यंत्रसुद्धा चुंबकाजवळ चालणारे असावे लागते. अशा गाठीचा संशय असल्यास त्याच भुलीत पाठीच्या कण्याचीही प्रतिमा घेणे शहाणपणाचे, कारण मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी द्रवाबरोबर मज्जारज्जूपर्यंत उतरतात आणि शस्त्रक्रियेनंतर तिथे झिरपलेले रक्त वाचनात घोटाळा करते.

शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय 48 ते 72 तासांच्या आत करतात, कारण पुढे जखम भरताना होणारे बदल उरलेल्या गाठीसारखे दिसू शकतात. तीन वर्षांवरील मुलात मेड्युलोब्लास्टोमाचा उरलेला भाग 1.5 चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल किंवा आजार पसरलेला असेल, तर प्रचलित पद्धतीत मेंदू व कण्याला 23.4 ऐवजी 36 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोत्सर्ग दिला जातो. हा वाढीव मारा मुलाच्या बुद्धीवर आणि उंचीवर परिणाम करतो.