पोत्यावर 50 किलो, कमरेवर किती?

मार्केट यार्डात भाजीच्या ट्रकचा फाळका खाली पडतो तेव्हा बाहेर अंधारच असतो. हमाल झोपेतून उठून थेट मालाला भिडतो, आणि कमरेला सर्वांत न मानवणारी वेळ नेमकी हीच. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात (सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच). फुगलेल्या चकतीला वाकणं सोसत नाही. दुपारी सहज जमणारं वाकणं उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात तिला बरंच महागात पडतं.

आपण मात्र पोतं किती किलोचं, एवढंच विचारतो. तो प्रश्नही खराच. क्विंटलभराची पोती वाहण्यात हमालांच्या पिढ्या झिजल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली एका पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली.

पण कंबर वजन मोजते ती तरफेच्या हिशेबाने. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवरून ओढतात. टोमॅटोचं 20 किलोचं क्रेट 40 सेंटिमीटर पुढे धरलं, तर ते तोलायला त्यांना आठपट, म्हणजे 160 किलोइतकी ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. ही सगळी ओढ चकतीला चेपते.

म्हणून पाठीवर पोतं घेऊन चालणारा माणूस बघवत नसला, तरी त्याचं ओझं निदान अंगालगत असतं. जास्त घातक ते थप्पीच्या तळाचं क्रेट लांबून उचलणं आणि पाय न हलवता, कमरेत पीळ देऊन शेजाऱ्याला देणं. किती ओझं उचलणं सुरक्षित, याचं अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेचं सूत्र अगदी सोयीच्या स्थितीतही 23 किलोच्या वर जात नाही. ओझं घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेलं की मर्यादा थेट निम्मी. जमिनीवरून उचलणं, पीळ, मिनिटाला किती खेपा, यांनी ती आणखी उतरते.

खेपांचं गणित मजुरीशी बांधलेलं आहे. पोत्यामागे पैसे, म्हणून कोण दम खाईल? चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. बारीक चिरा भरायला वेळ लागतो आणि तो मिळत नाही. कमरेच्या पट्ट्याने दुखणं टळतं, याला ठोस पुरावा नाही. तरी तोच सर्रास विकला जातो. ट्रकच्या उंचीचा धक्का बांधला, क्रेटखाली गाडी सरकवली, तर तळाशी वाकायची वेळच कमी येते. पण त्याचा खर्च हमालाने नव्हे, यार्डाने करायचा असतो.