इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच जागी अडकतंय? मग रॅम बघा

इंदूरला लोकमान्य नगरात आमचे काका राहतात, त्यांचा डेस्कटॉप दहा-अकरा वर्षं जुना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते ती त्या मशीनमध्ये नाही, म्हणून ठरलं की विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायची. पेनड्राईव्ह लावला, फाइल्स कॉपी व्हायला लागल्या, पट्टी पाव भरली आणि एरर नंबर ५, इनपुट-आउटपुट एरर. परत केलं तर पाऊण पट्टीवर, तिसऱ्यांदा निम्म्यावर. मेसेजमध्ये लिहिलेलं की सीडी खराब असेल, हार्ड डिस्क जुनी असेल, नाहीतर कॉम्प्युटर थंड जागी हलवून बघा. काकांनी त्याचा फोटो एका दुकानात दाखवला, तिथला म्हणाला "हार्ड डिस्क गई अंकल, एसएसडी डलवा लो", काकांनी ती नव्या प्रकारची डिस्क घेतली, आणि नव्या कोऱ्या एसएसडीवर पण तेच!

मग मला फोन आला.

एरर मेसेज फक्त एवढंच सांगतो की काम कुठे अडलं, कोणामुळे अडलं ते त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्यामुळे मी आधी काकांना विचारलं, "दर वेळी एकाच फाइलवर अडकतंय का वेगवेगळ्या?" ते म्हणाले वेगवेगळ्या. अर्धं उत्तर इथेच मिळतं. डाउनलोड केलेली फाइलच बिघडलेली असेल तर ती रोज त्याच जागी बिघडलेली असणार, म्हणजे अडकणार पण तिथेच. जागा बदलत असेल तर दोष वाटेत कुठेतरी आहे, पोर्ट, केबल, पॉवर सप्लाय किंवा रॅम, म्हणजे काम चालू असताना कॉम्प्युटर माहिती जिथे तात्पुरती ठेवतो ती मेमरी.

तरी सोप्या गोष्टी आधी उरकून घेतल्या. आयएसओचा, म्हणजे मिंटच्या डाउनलोड केलेल्या फाइलचा, एसएचए-२५६ काढला, म्हणजे अख्ख्या फाइलवरून गणित करून निघणारी ६४ अक्षरांची खूण, फाइलमधला एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, जरी बदलला तरी ही खूण पूर्ण वेगळी येते. हे मात्र दुसऱ्या धड कॉम्प्युटरवर करायचं, आजारी मशीनलाच तपासायला लावून उपयोग नाही. खूण वेबसाइटवरच्याशी जुळली. पेनड्राईव्ह बदलला, मागच्या पोर्टला लावला, डिस्कची साटा केबल बदलली, फरक शून्य. राहिली रॅम.

काका म्हणाले, "अरे पण रोज तर व्यवस्थित चालतो की, मी यूट्यूब बघतो, बँकेचं करतो, रॅम खराब असती तर चालला असता का?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

रॅममधला एकेक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार, आणि तो सारखा गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून परत भरावा लागतो. ८ जीबीमध्ये असे ६,८०० कोटींहून जास्त बिट असतात. त्यातले दोन-चार कमजोर झाले, नेमून दिलेल्या वेळेच्या आतच रिकामे व्हायला लागले, तर १ चा ० होतो. गरम झालं की गळती वाढते, आणि इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात सीपीयूच्या पंख्यावर धुळीचा थर. थंड जागी हलवा हा सल्ला वाटतो तेवढा विचित्र नाहीये.

आता व्हिडिओ बघताना एक बिट चुकला तर एखादा ठिपका क्षणभर चुकीच्या रंगाचा दिसेल, कोणाला कळणार. इन्स्टॉलच्या फाइल्स मात्र दाबून, कॉम्प्रेस करून ठेवलेल्या असतात. किराण्याच्या यादीत आपण खाली खाली "वरीलप्रमाणे" च्या खुणा करत जातो ना, तसंच, पुढचा मजकूर मागच्याच्या आधारावर उभा. वरची एक ओळ चुकली की खालच्या सगळ्या चुकल्या. त्यात सिस्टिम तपासून बघते आणि तुकडा जुळला नाही तर थेट वाचता आलं नाही म्हणून थांबते, आणि आपल्याला वाटतं डिस्क गेली. दर वेळी कुठली फाइल रॅमच्या त्या खराब कोपऱ्यात जाऊन पडेल ते ठरलेलं नसतं, म्हणून अडकायची जागा बदलते.

मेमटेस्ट८६+ दुसऱ्या पेनड्राईव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवला. हा प्रोग्राम रॅममध्ये ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून बघतो, बस. सकाळी काकूंनी फोटो पाठवला, स्क्रीनभर लाल ओळी. रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, त्या काढून कडा खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, कारण कधीकधी नुसता मळ असतो, पण एरर तशाच. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासली, एक स्वच्छ निघाली, दुसरी दोन्ही स्लॉटमध्ये नापास. म्हणजे स्लॉट बरा, पट्टीच गेलेली. ती काढली आणि एका पट्टीवर मिंट पहिल्याच झटक्यात बसलं.

इथे थांबू नका. काकांनी जुन्या डिस्कवरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले होते ते याच रॅममधून गेले होते! नशीब जुनी डिस्क अजून पुसलेली नव्हती. दोन्हीकडच्या फाइल्सच्या खुणा काढून ताडून बघितल्या तर सात फोटो जुळेनात, ते परत कॉपी केले. त्यातला एक दादाच्या मुंजीचा होता, अर्ध्याच्या खाली सगळा करडा झालेला, मूळ डिस्कवर मात्र तो अजून धड होता.