चुंबकाने ग्रीक नाणं ओळखता येत नाही
‘चांदीचं प्राचीन ग्रीक नाणं चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे ते अस्सल,’ असं वर्षानुवर्षं फिरत आलं आहे.

चांदी चुंबकाला चिकटत नाही हे बरोबरच. पण तांबं, शिसं, कथील, पितळही चिकटत नाहीत आणि नकला बहुधा यांच्याच असतात. म्हणजे या कसोटीने फक्त लोखंड, निकेल असे चिकटणारे धातू पकडले जातात.

अथेन्सचं घुबडवालं चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे प्राचीन ग्रीक चलन) नाणं घ्या. वजन साधारण १७.२ ग्रॅम. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. मग नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता काटा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो: चांदी असेल तर १.६५ ग्रॅमच्या आसपास, तांब्याला १.९ च्या पुढे, कथलाला २.३ च्याही पुढे.

एवढ्यानेही अस्सलपणा सिद्ध होत नाही, कारण आजच्या चांदीतही नकला होतात. शिवाय इ.स.पू. ४०६ च्या सुमारास, युद्धाच्या ओढाताणीत, खुद्द अथेन्सनेच चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी काढली होती! म्हणून भिंगातून कड न्याहाळा. अथेन्सची अस्सल नाणी ठोकून पाडलेली असत. कडेभोवती साच्याची शिवण दिसली, तर ते बहुधा ओतलेलं, म्हणजे नकली आहे.