सारखा सूट फाटणारी सुपरहिरोईन: ‘एम्पॉवर्ड’ आलं कुठून?

ठाण्यातल्या आमच्या वाचणाऱ्या ग्रुपमध्ये सध्या अ‍ॅडम वॉरनच्या ‘एम्पॉवर्ड’ या कॉमिकवरून जोरात वाद चाललाय. काहींना ते प्रचंड आवडलंय आणि काही जणी पहिली काही पानं बघूनच चिडल्यात, की सुपरहिरोईन म्हणता आणि दर दोन पानांनी तिला दोरीने बांधून ठेवता, हे काय? चिडणं बरोबरच आहे, पण ते बांधलेलं असणं कुठून आलं हे माहीत असलं की पुढचं वाचताना खूप फरक पडतो, म्हणून ही पार्श्वभूमी.

वॉरन हा अमेरिकन चित्रकार, मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या वळणाने काढणारा, 1988 पासून ‘डर्टी पेअर’ या जपानी विज्ञानकथेची इंग्रजी कॉमिक्स करायचा. पुढे 2004च्या सुमारास त्याला चाहत्यांकडून पैसे देऊन चित्रं काढून घ्यायच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि बऱ्याच जणांची मागणी एकच, संकटात सापडलेली, बांधलेली सुपरहिरोईन काढून दे. तीच तीच चित्रं काढून कंटाळल्यावर त्याने त्या बाईला बोलायला लावलं, छोट्या छोट्या गोष्टी सुचत गेल्या आणि त्यातूनच 2007 साली डार्क हॉर्स या प्रकाशनाने ‘एम्पॉवर्ड’चा पहिला भाग काढला. सगळं पेन्सिलमध्ये, काळंपांढरं, शाई नाही की रंग नाही, त्यामुळे तिचा चेहरा लाजेने कसा कसनुसा होतो ते रेघेरेघेत दिसतं.

आता जरा मागे जाऊ, कारण सुपरहिरोईनला बाजूला बसवायची सवय फार जुनी आहे. वंडर वुमन आली 1941च्या शेवटी, ताकद सुपरमॅनच्या तोडीची, आणि 1942 मध्ये जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टीममध्ये घेतलं तर कसलं काम दिलं? सेक्रेटरीचं! बाकीचे मोहिमेवर, ही मागे. 1959 मध्ये सुपरगर्ल आली तर सुपरमॅनने स्वतःच्या चुलत बहिणीला अनाथाश्रमात ठेवलं आणि जगापासून लपवलं, 1962 उजाडलं तेव्हा कुठे तिची ओळख जगाला करून दिली. त्याच 1962 मध्ये स्पायडरमॅन आला, भाड्याची चिंता, अभ्यासाची चिंता, लोक नावं ठेवतायत, म्हणजे धडपडायचा, चुकायचा, स्वतःवर शंका घ्यायचा हक्क मुलग्याला लगेच मिळाला. आपल्याकडे ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्सवर सुट्ट्या काढल्या त्यांना वेताळाची डायना आठवेल, हुशार, पट्टीची पोहणारी, युनोत नोकरी करणारी, तरी मुखपृष्ठावर बहुतेक वेळा वेताळच.

1999 मध्ये गेल सिमोनने, जी पुढे कॉमिक्सची लेखिका झाली, कॉमिक्समधल्या अशा स्त्री पात्रांची यादीच केली, ज्यांना मारलं, जखमी केलं किंवा ज्यांच्या शक्ती काढून घेतल्या, तिथून हा विषय उघड बोलला जायला लागला. 2001 मध्ये ‘एलियस’ या कॉमिकमधून जेसिका जोन्स आली, सुपरहिरोगिरी सोडून डिटेक्टिव्हची कामं करणारी, आतून पार मोडलेली. ‘एम्पॉवर्ड’ची नायिका एम्प हिच्याच पुढची, फक्त एम्प सुपरहिरोगिरी सोडून देत नाही.

एम्पची अडचण अशी की तिची सगळी ताकद तिच्या सूटमध्ये आहे आणि तो कागदासारखा पातळ, अंगाला चिकटून बसणारा, जरा ओरखडा बसला की फाटतो आणि फाटला की ताकद गेली. त्यात तो इतका घट्ट की आपण जाड दिसतो ही चिंता तिच्या डोक्यातून जातच नाही. सुपरहोमीज नावाच्या टीममध्ये ती नुसती सहयोगी सदस्य, तिथे सगळे टोमणे मारणार. ट्रान्सहार्बर पकडून ऐरोलीला ऑफिसला जाणाऱ्या आमच्यातल्या मुलींना हा भाग सगळ्यात जास्त भिडला, मीटिंगमध्ये आपण बोललेलं कुणी ऐकत नाही आणि दुसऱ्या दिवशी तरीही तयार होऊन जायचंच. घरी मात्र तिचं माणूस आहे, थगबॉय, आधी खलनायकांच्या टोळीत काम केलेला, आणि निन्जेट नावाची जिवाला जीव देणारी मैत्रीण.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सिस्टा स्पूकी, टीममधली एम्पला सगळ्यात जास्त छळणारी. शाळेत सोनेरी केसांच्या सुंदर मुलींनी तिला इतकं खच्ची केलेलं असतं की ती सौंदर्यासाठी आत्मा विकून बसते, आणि एम्पही नेमकी सोनेरी केसांचीच. ऑर्डरीच्या चित्रांतून सुरू झालेलं कॉमिक इथपर्यंत पोचतं हे मला खरंच मोठं वाटतं.

पहिल्या भागात सुट्या छोट्या गोष्टी जास्त आहेत, खरं कथानक नंतर पकड घेतं, तेव्हा निदान तिसऱ्या भागापर्यंत तरी वाचा. आणि हे मोठ्यांसाठीचं कॉमिक आहे, शाळेतल्या मुलांच्या हातात देऊ नका.