पूर्वीची माणसं खरंच शंभर वर्षं जगायची?

‘पूर्वीचं अन्न सकस, म्हणून माणसं सहज शंभरी गाठायची’ हा समज खरा नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आज ते सुमारे 70 आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे 104 वर्षं जगले (1858–1962), पण ते अपवाद होते. प्लेगमध्ये, 1918 च्या तापाच्या साथीत, बाळंतपणात गेलेल्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही; आठवतात ते म्हातारे होईपर्यंत जगलेले आजोबाच, म्हणून हा समज टिकतो.

मात्र 32 ही सरासरी वाचून ‘तिशीतच म्हातारपण यायचं’ असं समजणंही चूकच. असंख्य बाळं पहिल्याच वर्षी दगावत, त्यामुळे सरासरी खाली यायची. त्यातून वाचलेल्यांपैकी अनेक जण साठी ओलांडत.

म्हातारपण येण्याची मूळ गती मात्र फारशी बदललेली नाही. वयाच्या तिशीनंतर मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. धोका असा पटीत वाढतो, हा नियम ब्रिटिश गणितज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी 1825 मध्येच मांडला. पेशींमधली झीज साचत जाते, दुरुस्ती अपुरी पडते. आपलं आयुष्य वाढवलं ते लसींनी, स्वच्छ पाण्याने आणि प्रतिजैविकांनी. ‘आयुष्य वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही चूर्ण म्हातारपण थांबवतं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.